चिरा न घेता खडा फोडणारा शल्यविशारद
आजच्या दुर्बिणीच्या आणि लेझरच्या शस्त्रक्रियांचा पाया पॅरिसमध्ये १८२४ साली घालणाऱ्या झाँ सिव्हियाल यांची जीवनकहाणी

मुतखडा दुर्बिणीतून काढला आणि दोन दिवसांत रुग्ण घरी आला, ही आज शहरातल्या कोणत्याही सोसायटीत ऐकू येणारी गोष्ट आहे. पोटावर मोठा छेद नाही, टाके नाहीत, महिनाभराची रजाही नाही. खडा जिथे असेल तिथेच त्याचा चुरा करायचा आणि तो शरीराच्या नैसर्गिक मार्गाने बाहेर काढायचा, ही कल्पना आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कधीकाळी वेडगळ वाटली असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. ही कल्पना जिवंत माणसावर प्रथम यशस्वी करून दाखविली ती झाँ सिव्हियाल या फ्रेंच डॉक्टरने, १३ जानेवारी १८२४ रोजी, पॅरिसमध्ये. त्या वेळी गुंगीचे औषध नव्हते, विजेचा दिवा नव्हता, क्ष-किरण नव्हते, जंतूंची कल्पनाही नव्हती. आतले काहीही दिसत नसताना केवळ हाताला होणाऱ्या स्पर्शाच्या आधारे सिव्हियाल यांनी हे काम केले. कमीत कमी छेदाच्या शस्त्रक्रियेची नोंदलेली पहिली सुरुवात म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्या दिवसाकडे पाहिले जाते.

सुरुवातीलाच एक खुलासा करावयास हवा. आज आपल्याकडे बहुतेक खडे मूत्रपिंडात किंवा मूत्रवाहिनीत सापडतात. सिव्हियाल यांच्या काळात डॉक्टरांसमोर प्रामुख्याने येत ते मूत्राशयातले खडे. मूत्रपिंडापर्यंत पोहोचण्याची कोणतीही वाट तेव्हाच्या वैद्यकाला ठाऊक नव्हती. मूत्राशयाचा खडा मात्र युरोपात आणि आपल्याकडेही सर्रास आढळे. लहान मुलग्यांना तो होई, म्हाताऱ्यांना होई, राजांना होई आणि भिकाऱ्यांनाही होई.

सुरीची दहशत

या दुखण्यावरचा जुना उपाय म्हणजे खडा कापून काढणे. आपल्या सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या शस्त्रक्रियेचे तपशीलवार वर्णन आहे. तथापि तो अखेरचा उपाय मानलेला आहे आणि तो योजण्यापूर्वी राजाची अनुमती घ्यावी असे तेथे सुचविले आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू ठरलेला आणि केल्यास जगण्याची खात्री नाही, अशा पेचात वैद्याने स्वतःला कसे सांभाळावे, याचाच हा विचार होता. प्राचीन ग्रीसमध्ये तर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी घ्यावयाच्या शपथेतच खड्यासाठी सुरी न चालविण्याचे वचन होते. ते काम त्यात वाकबगार असलेल्यांवर सोपवावे, असा दंडक होता.

युरोपात अठराव्या शतकापर्यंत हे काम करणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच तयार झाला होता. रुग्णाला टेबलावर उताणे निजवीत, गुडघे पोटाशी घेऊन हात घोट्यांना बांधीत आणि चार धट्टेकट्टे मदतनीस त्याला धरून ठेवीत. मग जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागात छेद घेऊन थेट मूत्राशयात हात घातला जाई. शुद्धीवर असलेल्या माणसावर हे चाले, म्हणून वेगाला फार महत्त्व होते. लंडनचे विल्यम चेसेल्डन मिनिटभराच्या आत खडा बाहेर काढीत, यासाठी त्यांची ख्याती होती. इंग्लंडचे प्रसिद्ध दैनंदिनीकार सॅम्युएल पेपिस यांनी १६५८ साली ही शस्त्रक्रिया करवून घेतली आणि ते वाचले. त्या दिवसाचा वाढदिवस मेजवानी देऊन साजरा करण्याचा त्यांचा संकल्प होता. यावरून तेव्हा जगून उठणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे ध्यानात येते. अनेक जण रक्तस्रावाने किंवा नंतरच्या तापाने दगावत. जे वाचत त्यांच्यापैकी काहींना लघवीवरचा ताबा कायमचा गमवावा लागे, तर काहींची जखम वर्षानुवर्षे भरत नसे.

मूत्रमार्गातूनच खड्यापर्यंत पोहोचता आले तर, हा विचार सिव्हियाल यांच्याआधीही काहींच्या मनात आला होता. त्यातले सर्वांत विलक्षण उदाहरण आपल्या देशातले आहे. लखनौमध्ये स्थायिक झालेले फ्रेंच लष्करी अधिकारी क्लॉड मार्टिन, ज्यांच्या मृत्युपत्रातून पुढे ला मार्टिनियर शाळा उभ्या राहिल्या, त्यांनी १७८२ च्या सुमारास एक बारीक कानस तयार करून घेतली. ती ते मूत्रमार्गातून स्वतःच आत सारीत आणि दिवसातून अनेक वेळा आपला खडा घासून काढीत. काही महिन्यांच्या अशा उद्योगानंतर त्यांना आराम पडला. पुढे १८१३ मध्ये बव्हेरियातील ग्रुइटहुइझेन या डॉक्टरांनी सरळ नळीतून मूत्राशयात शिरून खड्याला भोक पाडण्याची योजना प्रसिद्ध केली. परंतु जिवंत रुग्णावर तिचा प्रयोग झाला नाही.

डोंगरातून पॅरिसला

झाँ सिव्हियाल यांचा जन्म ५ जुलै १७९२ रोजी मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांताच्या डोंगराळ भागात, थिएझाक गावाजवळच्या एका वस्तीत झाला. फ्रेंच राज्यक्रांतीचा तो ऐन भर होता. त्यांच्या बालपणी देशात राजा नव्हता, तारुण्यात नेपोलियनचे साम्राज्य होते आणि ते वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागले तेव्हा पुन्हा राजेशाही आली होती. क्रांतीने फ्रान्समधले जुने वैद्यकीय संघ मोडीत काढले होते आणि रुग्णालयात रुग्णाशेजारी उभे राहून शिकण्याची पद्धत पॅरिसमध्ये रुजली होती. युरोपभरचे विद्यार्थी त्यासाठी तेथे येत. सिव्हियाल यांनी ओतेल दिय या विख्यात रुग्णालयात, त्या काळचे सर्वांत दबदबा असलेले शल्यविशारद बॅरन द्युप्वित्रँ यांच्या हाताखाली धडे गिरवले.

विद्यार्थिदशेतच मुतखड्याच्या प्रश्नाने त्यांना पछाडले. त्यांची पहिली कल्पना यांत्रिक नव्हती, रासायनिक होती. मुतखडे कशाचे बनतात याचे पृथक्करण रसायनशास्त्रज्ञांनी नुकतेच केले होते. तेव्हा मूत्राशयात एक छोटी पिशवी सारून खडा तीत पकडावा आणि पिशवीत द्रावक सोडून तो विरघळवावा, अशी सिव्हियाल यांची योजना होती. पण खडे नाना प्रकारचे असतात. एकाला आम्ल लागते, दुसऱ्याला अल्क. आत कोणता खडा आहे हे बाहेरून कळत नाही, आणि दगड विरघळवणारे द्रव्य पिशवीतून जरासे पाझरले तरी मूत्राशयाची नाजूक त्वचा जळून जाणार. ही वाट बंद आहे हे त्यांच्या लक्षात आले. मात्र खडा पकडण्यासाठी त्यांनी जी साधने योजली होती त्यांतूनच पुढचा मार्ग निघाला. खडा पकडता येत असेल तर तो विरघळवण्याऐवजी फोडावाच, असे त्यांनी ठरविले.

त्यानंतरची काही वर्षे अवजारे घडविण्यात, मोडण्यात आणि पुन्हा घडविण्यात गेली. अखेर जे अवजार सिद्ध झाले त्याची रचना थोडक्यात अशी होती : बाहेर पोलादी सरळ नळी, तिच्या आत दुसरी नळी आणि तिच्या टोकाला तीन लवचीक नख्या. आतली नळी पुढे ढकलली की नख्या पंजासारख्या उघडत आणि मागे ओढली की खड्यावर आवळल्या जात. या दोन्ही नळ्यांच्या मधोमध एक सळई असे. तिचे टोक दातेरी असून बाहेरचे टोक कमानीने फिरवीत, अगदी आपल्याकडचा सुतार सामता फिरवतो तसे. खड्याला भोके पाडून तो पोखरायचा, खिळखिळा झाला की नख्यांनी दाबून फोडायचा आणि भुगा लघवीवाटे जाऊ द्यायचा, अशी ही युक्ती होती. पुरुषाचा मूत्रमार्ग वळणदार असल्याने त्यात सरळ नळी जाणारच नाही, अशी समजूत पूर्वी होती. ती चुकीची असल्याचे याच सुमारास पॅरिसमध्ये आम्युसा या डॉक्टरांनी दाखवून दिले आणि वाटेतली एक मोठी धोंड दूर झाली.

१३ जानेवारी १८२४

नवीन उपाय खरा की भोंदूपणाचा, हे ठरविण्याचा अधिकार फ्रान्समध्ये विज्ञान अकादमीकडे होता. अकादमीने शोसिए आणि पर्सी या दोन ज्येष्ठ सदस्यांना पाहणीसाठी नेमले. पर्सी हे नेपोलियनच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर राहिलेले शल्यविशारद होते. हजारो छेद त्यांनी पाहिले होते आणि स्वतः केलेही होते. त्यांच्या डोळ्यांसमोर सिव्हियाल यांनी रुग्णाच्या मूत्राशयात प्रथम द्रव भरला, म्हणजे आतल्या भिंती खड्यापासून दूर राहाव्यात. मग त्यांनी बंद नख्यांचे अवजार हळूहळू आत सारले.

येथून पुढचे सारे काम अंधारातले होते. नख्या उघडायच्या, खडा त्यांच्यात आला की नाही हे धातूवर दगड घासल्याच्या कंपावरून ओळखायचे, पकडीत मूत्राशयाची घडी तर सापडली नाही ना याची खात्री करायची आणि मगच कमान फिरवायची. रुग्ण पूर्ण शुद्धीवर होता, आणि तोच एका अर्थाने डॉक्टरांचा मार्गदर्शकही होता. त्याला असह्य कळ आली की हात थांबवायचा. एका बैठकीत सारे उरकण्याची घाई नव्हती. रुग्णाला काही दिवस विश्रांती देऊन पुन्हा बैठक घ्यायची, असे करीत खडा संपविण्यात आला. रुग्ण बरा झाला. शोसिए आणि पर्सी यांनी त्याच वर्षी अकादमीला दिलेला अहवाल अत्यंत अनुकूल होता. सिव्हियाल तेव्हा अवघ्या एकतीस वर्षांचे होते.

श्रेयाचा वाद

यश मिळताच वाटेकरी पुढे आले. लरुआ देत्योल या त्यांच्याहून तरुण डॉक्टरने तशाच धर्तीचे अवजार अकादमीसमोर आधी मांडल्याचा दावा केला आणि तो निराधार नव्हता. आम्युसा यांचाही वाटा होता, बॅरन अर्तलू यांचाही होता. पत्रके, प्रत्युत्तरे, तक्रारी यांचा धुरळा पुढे अनेक वर्षे उडत राहिला आणि त्यात सिव्हियाल यांची भाषाही नेहमी सौम्य राहिली असे म्हणता येत नाही. आपल्या प्रतिस्पर्ध्यांना श्रेय देण्यात ते कृपणच होते. अकादमीने मात्र तारतम्य राखले. अवजारांच्या कल्पकतेबद्दल इतरांची दखल घेतली आणि जिवंत माणसावर ही क्रिया प्रथम यशस्वी करण्याचा मान सिव्हियाल यांना दिला.

अवजाराच्या दृष्टीने पाहिले तर सिव्हियाल यांच्या तीन नख्यांचे आयुष्य फार मोठे ठरले नाही. १८३० नंतरच्या काही वर्षांतच अर्तलू यांनी दोन जबड्यांचे आणि ठोके देऊन खडा फोडणारे अवजार पुढे आणले. पुढे ठोक्यांची जागा स्क्रूने घेतली. पोखरण्याची पद्धत मागे पडली. तरीही सिव्हियाल मागे पडले नाहीत. अवजारापेक्षा हाताला महत्त्व आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि त्यांच्याइतका सराव दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हता. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात त्यांना खड्याच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग मिळाला. याच रुग्णालयात काही वर्षांपूर्वी लायनेक यांनी स्टेथोस्कोप शोधून काढला होता. मूत्ररोगांसाठी जगात प्रथम स्थापन झालेला विभाग म्हणून सिव्हियाल यांच्या या विभागाचा उल्लेख होतो. दूरदूरचे रुग्ण तेथे आणि त्यांच्या खासगी दवाखान्यात येऊ लागले. विख्यात खगोलशास्त्रज्ञ बॅरन फॉन झाक हे सिव्हियाल यांच्या उपचारासाठीच पॅरिसला येऊन राहिले. खड्यापासून ते बचावले, पण १८३२ च्या पॅरिसमधील कॉलऱ्याच्या साथीत त्यांचा अंत झाला.

मृत्यूंची मोजदाद

सिव्हियाल यांनी केवळ खडे फोडले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि ती त्या काळी अधिक धाडसाची होती. आपली पद्धत जुन्या पद्धतीहून चांगली आहे हे पटविण्यासाठी त्यांनी निवडक यशस्वी रुग्णांच्या हकिगतींवर भिस्त ठेवली नाही. फ्रान्समधून आणि युरोपातल्या इतर देशांतून त्यांनी रुग्णालयांच्या नोंदी मागविल्या. किती जणांवर छेदाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांपैकी किती मेले, हे त्यांनी मोजले. हजारो शस्त्रक्रियांचा हा ताळेबंद होता. छेद घेतलेल्यांपैकी सुमारे पाचांत एक दगावत होता. खडा आत फोडण्याच्या पद्धतीत हेच प्रमाण शेकडा दोन-तीनच्या घरात होते.

हे आकडे १८३५ मध्ये विज्ञान अकादमीपुढे आले. त्यांची छाननी करणाऱ्या समितीत गणितज्ञ प्वासाँ होते, रसायनशास्त्रज्ञ द्युलाँ होते, नेपोलियनचे सुप्रसिद्ध शल्यविशारद लारे होते आणि डॉक्टर दूब्ल होते. अहवालातून जो विचार पुढे आला तो आजही वाचण्यासारखा आहे. समितीने संख्याशास्त्राची थोरवी मान्य केली, परंतु वैद्यकात ते कितपत लागू पडते याविषयी गंभीर शंका व्यक्त केली. डॉक्टरसमोर समूह नसतो, एक माणूस असतो. हजारांची सरासरी त्या एकाविषयी काय सांगणार, असा त्या आक्षेपाचा आशय होता. याच सुमारास पॅरिसमध्येच पिएर लुई हे डॉक्टर न्यूमोनियात रक्त काढण्याचा फायदा होतो का, हे रुग्ण मोजून तपासत होते आणि त्यांच्यावरही हीच टीका होत होती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा होता आणि तो व्हेल्पोंसारख्या मातबर शल्यविशारदांकडून आला. सिव्हियाल आपल्या पद्धतीसाठी कोणते रुग्ण घेतात? ज्यांचा खडा लहान, मूत्रमार्ग मोकळा आणि प्रकृती धडधाकट असे रुग्ण ते निवडणार, आणि मोठ्या खड्याचे, जर्जर झालेले रुग्ण सुरीच्या वाट्याला जाणार. मग दोन्हींच्या मृत्युसंख्येची तुलना न्याय्य कशी? हा प्रश्न रास्त होता. सिव्हियाल यांच्या आकड्यांतली ही उणीव खरीच आहे आणि आजचा कोणताही संशोधक ती दाखवून देईल. त्यावरचा इलाज, म्हणजे रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणे, वैद्यकाला विसाव्या शतकात सापडला. परंतु कोणती शस्त्रक्रिया बरी हे ज्येष्ठांच्या शब्दावरून न ठरवता मृतांची संख्या मोजून ठरवावे, हा आग्रह ज्यांनी सर्वप्रथम धरला त्यांत सिव्हियाल यांची गणना करावी लागते. त्या काळी बडे शल्यविशारद आपल्या हातून दगावलेल्यांची संख्या सांगत नसत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आग्रहाचे मोल कळते.

राजा आणि शिष्य

पुढे मानसन्मान चालून आले. वैद्यक अकादमी आणि विज्ञान अकादमी या दोन्ही संस्थांचे सदस्यत्व त्यांना मिळाले. मूत्ररोगांवर त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत हेन्री थॉम्प्सन नावाचे एक इंग्रज डॉक्टरही होते. गुरूच्या हाताची हळुवार चाल त्यांनी बारकाईने आत्मसात केली.

१८६२ च्या सुमारास बेल्जियमचे वृद्ध राजे पहिले लिओपोल्ड, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे मामा, खड्याने बेजार झाले. साहजिकच सत्तरीच्या सिव्हियाल यांना पाचारण करण्यात आले. ज्या दुखण्यावर त्यांनी आयुष्यभर हुकूमत गाजविली त्या दुखण्याने या वेळी त्यांना यश दिले नाही. जर्मनीच्या लांगनबेक यांचाही इलाज चालला नाही. अखेर १८६३ मध्ये थॉम्प्सन यांना बोलावण्यात आले आणि गुरूकडून शिकलेल्या विद्येनेच त्यांनी राजाला मोकळे केले. एका रात्रीत थॉम्प्सन यांचे नाव युरोपभर झाले. गुरूच्या मनात त्या वेळी काय आले असेल, याची कल्पनाच करावी लागते. शिष्याच्या हाती आपली पद्धत सुरक्षित आहे, एवढे तरी त्यांनी जाणले असणार.

नियतीचा खेळ असा की, त्याच थॉम्प्सन यांच्या हाती पुढे फ्रान्सचे पदच्युत सम्राट तिसरे नेपोलियन आले. इंग्लंडमध्ये त्यांच्यावर खडा फोडण्याच्या दोन बैठका झाल्या आणि तिसरीपूर्वीच ९ जानेवारी १८७३ रोजी सम्राटांचे निधन झाले. ही पद्धत सुरीहून सुरक्षित असली तरी धोक्यापासून मुक्त नव्हती, हे जगाला पुन्हा एकदा कळले. सिव्हियाल मात्र हे पाहायला नव्हते. जून १८६७ मध्ये पॅरिस येथे, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांचे निधन झाले होते.

मागे काय उरले

नेकेरमधील त्यांचा विभाग फेलिक्स ग्युइयाँ यांनी सांभाळला आणि मूत्ररोगशास्त्राची ती जागतिक पाठशाळाच झाली. १८९० मध्ये ग्युइयाँ पॅरिस विद्यापीठात या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले. सिव्हियाल यांच्या नावाचे पारितोषिक पॅरिसच्या तरुण निवासी डॉक्टरांना दिले जाऊ लागले.

पद्धतही पुढे सरकत राहिली. अमेरिकेत बोस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी १८७८ मध्ये गुंगीच्या औषधाचा लाभ घेऊन एकाच बैठकीत खडा फोडून त्याचा सारा चुरा शोषून काढण्याची युक्ती काढली. अनेक बैठका आणि त्यांमधले क्लेशदायक दिवस त्यामुळे संपले. मात्र लहान मुलांच्या अरुंद मूत्रमार्गातून हे करता येणार नाही, अशी सर्वांची धारणा होती. ती खोडून काढणारे काम आपल्या परिचयाच्या इंदूरला झाले. होळकरांच्या त्या नगरीत काम करणारे डॉक्टर कीगन यांनी १८८० च्या दशकात बारीक अवजारे वापरून लहान मुलग्यांवर ही शस्त्रक्रिया केली आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या देशात तेव्हा खड्याचे बालरुग्ण इतके होते की, असा अनुभव लंडन-पॅरिसच्या डॉक्टरांना मिळणे शक्यच नव्हते.

विसाव्या शतकात दुर्बिणीने आतला अंधार दूर केला. १९७६ मध्ये स्वीडनमधील डॉक्टरांनी पाठीतल्या बारीक छिद्रातून मूत्रपिंडातला खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे आघात-लहरींनी शरीराबाहेरूनच पहिल्या रुग्णाचा खडा फोडण्यात आला. त्यानंतर लेझर आले, केसाएवढ्या तंतूतून प्रकाश आत नेऊन दगडाची पूड करणारे. सिव्हियाल यांना जेथे जाता येत नव्हते त्या मूत्रपिंडाच्या कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत आजचा डॉक्टर पोहोचतो. मात्र क्रम त्यांनी घालून दिलेलाच आहे : नैसर्गिक वाटेने किंवा लहानात लहान छिद्रातून आत जायचे, खडा जागीच बारीक करायचा, आजूबाजूला इजा होऊ द्यायची नाही आणि रुग्णाला लवकर पायावर उभे करायचे.

आज एखादा रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना यशाचे आणि धोक्याचे प्रमाण विचारतो, आणि डॉक्टर त्याला आकडे सांगतात. तो प्रश्न विचारण्याचा हक्क आणि त्याला आकड्यांत मिळणारे उत्तर, या दोन्हींमागे पॅरिसमधल्या त्या हट्टी, भांडखोर आणि अतिशय हळुवार हाताच्या डॉक्टरचे ऋण आहे. सुरीखाली जाणाऱ्यांपैकी पाचांतला एक परत येत नाही, हे त्यांनी मोजले. ते मोजल्यावर त्यांना स्वस्थ बसवले नाही.